पलूसच्या द्राक्षपट्ट्यात वाइनखेरीज: सागरेश्वर अभयारण्य

राज्य शासनाच्या २००१ सालच्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणानंतर नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क, म्हणजे वाइन कारखान्यांसाठीच्या औद्योगिक वसाहती, आखण्यात आले. त्यामुळे पलूसचे नाव ऐकून येणारा पाहुणा आधी वाइनचीच चौकशी करतो. माझ्या मते या भागात खरा दिवस द्यावा तो सागरेश्वरला. देवराष्ट्रे गावालगतचे हे अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचे असले, तरी त्याच्याइतके समाधान देणारे ठिकाण या परिसरात मला दुसरे आढळलेले नाही.

या जंगलाचे मोठेपण त्याच्या जन्मात आहे. कमी पावसाच्या प्रदेशातील या उघड्याबोडक्या डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून आणि लोकांच्या श्रमातून झाडे उभी राहिली, त्यांत हरणे आणून सोडण्यात आली आणि १९८५ साली अभयारण्य घोषित झाले. चितळ, सांबर, भेकर आणि काळवीट येथे पाहावयास मिळतात. सह्याद्रीच्या घनदाट अरण्याची अपेक्षा ठेवून येणाऱ्यास ही पानगळीची झाडी विरळ वाटेल. परंतु माणसाने लावलेले रान कसे वाढते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने येथे सावकाश चालावे, कारण घाईने चढणाऱ्या आणि मोठ्याने बोलणाऱ्या मंडळींना हरणांची पाठच दिसते.

माथ्यावरून दिसणारे कृष्णाकाठाचे दृश्य हा या भेटीचा सर्वांत सुंदर भाग होय. नदीची वळणे, उसाची हिरवी शेते आणि मांडवावर चढलेल्या द्राक्षबागा एका नजरेत येतात, आणि हा मुलूख द्राक्षांवर कसा जगतो ते उमगते. ऑक्टोबरातील फळछाटणीनंतर फुटलेली बाग जानेवारीपासून तोडणीस येऊ लागते आणि पुढे शेडमध्ये बेदाणा वाळू लागतो. म्हणूनच रान आणि बागा दोन्ही पाहायच्या असतील तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये ऊन फार असते आणि झाडांवर पाने नसतात. पहाटे निघावे आणि पिण्याचे पाणी पुरेसे सोबत घ्यावे.

पायथ्याची जुनी मंदिरे चुकवू नयेत. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असल्याने तेथेही थोडा वेळ द्यावा. रेल्वेने येणाऱ्यांना ताकारी आणि किर्लोस्करवाडी ही स्थानके सोयीची आहेत. दुपारनंतर भिलवडीजवळ औदुंबरच्या दत्तघाटावर, कृष्णेच्या काठी बसता येते, आणि ज्येष्ठांना डोंगर चढण्यापेक्षा तेच अधिक मानवेल.

शिराळा तालुक्यातील चांदोली मात्र याच फेरीत बसवू नये. ते राष्ट्रीय उद्यान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, पावसाळ्यात बंद असते, आणि त्यासाठी स्वतंत्र दिवस काढणेच योग्य.