ओकवर अळी आहे की सुरवंट?

मे महिन्यात ओकची कोवळी पाने कुरतडलेली दिसली की फवारणीचा पंप बाहेर काढावासा वाटतो. थांबा. आधी खाणारा किडा गुळगुळीत आहे की केसाळ, एवढे पाहा. आपल्या भाषेत याला दोन वेगळे शब्द आहेत, अळी आणि सुरवंट. युरोपातल्या ओकबाबत निम्मा निर्णय तिथेच होतो.

पाने गुंडाळणारी अळी ही हिरव्या ओक-पतंगाची, शास्त्रीय नाव टॉर्ट्रिक्स विरिडाना. एखादी सुरळी हलकेच उलगडून बघा. आत रेशमाचे टाके घातलेले दिसतात. हिरवट, काळसर डोक्याची, जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरची अळी वळवळत मागे सरकते आणि धागा सोडून खाली लोंबकळते. माणसाला तिचा काही उपद्रव नाही. अंडी फांद्यांवर हिवाळा काढतात, कळ्या फुटताना अळ्या बाहेर पडतात, जून-जुलैत फिकट हिरव्या पंखांचे पतंग उडतात. वर्षाला पिढी एकच.

दुसरा ओकचा मिरवणूक-पतंग, थॉमेटोपिया प्रोसेशनिया. याचे सुरवंट एकामागोमाग रांग लावून चालतात आणि खोडावर किंवा जाड फांद्यांवर रेशमी जाळ्याचे घरटे करतात. अंगावरचे लांब पांढरे केस नजरेत भरतात, पण त्रास देतात ते डोळ्यांना न दिसणारे बारीक केस. ते सहज सुटतात, वाऱ्यावर उडतात. त्वचेला खाज, डोळ्यांची आग, घशाला त्रास. ब्रिटनमध्ये हा किडा 2006 मध्ये लंडनमध्ये आढळला. आयात केलेल्या झाडांवरून तो आला होता.

झाडापुरते बोलायचे तर दोघेही पाने फस्त करतात. पण धडधाकट ओक जूनअखेरीस पुन्हा पालवतो. चिंता करावी ती लागोपाठ काही वर्षे झाड बोडके झाले, त्यात दुष्काळ पडला किंवा नव्या पालवीवर भुरी आली तर.

म्हणून गुळगुळीत अळी असेल तर माझे मत स्पष्ट आहे: काही करू नका. सुरळ्या दिसेपर्यंत अळी पानाच्या आत बसलेली असते, अळ्या मारणाऱ्या बीटी जिवाणूची फवारणी तिथे नीट पोचत नाही. मरतात ते शेजारचे इतर किडे, ज्यांवर ब्लू टिट आणि ग्रेट टिट हे पक्षी पिल्ले वाढवतात. (पाठीची कमान करत चालणारी हिरवी अळी दिसली तर ती हिवाळी पतंगाची. उत्तर तेच.)

केसाळ सुरवंट असतील तर मात्र लांबूनच फोटो काढा, मुले आणि कुत्री झाडाखालून हटवा आणि झाडांच्या जाणकाराला बोलवा. ब्रिटनमध्ये असाल तर फॉरेस्ट्री कमिशनला (सरकारी वनखात्याला) ट्रीअलर्ट या ऑनलाइन सेवेवरून कळवा. घरटे स्वतः काढू नका, जाळू तर नकाच. खाली पडलेल्या रिकाम्या घरट्यालाही हात लावू नका. त्यातले केस पुढची काही वर्षे खाज आणतात.