एनएमडीबीची ‘नेस्ट’ सेवा: गावातून सूर्यावर नजर

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. शाळेत दुर्बीण नाही, तरीही दहावीच्या मुलांना सूर्याची वादळे दाखवता येतात, ती ‘न्यूट्रॉन मॉनिटर डेटाबेस’च्या (एनएमडीबी) ‘नेस्ट’ या मोफत आलेख-सेवेमुळे. जगभरच्या न्यूट्रॉन मॉनिटरांची मोजणी येथे एकत्र मिळते. आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की न्यूट्रॉन निर्माण होतात आणि जमिनीवरील ही यंत्रे ते मोजतात. सूर्य खवळला की सौरवाऱ्यातील चुंबकीय क्षेत्र हे किरण अडवते, म्हणून सूर्य जितका सक्रिय तितका आकडा कमी. ही उलटी चाल मुलांच्या गळी उतरवायला मला दोन तास लागले.

सेवेची खरी परीक्षा मे 2024 च्या वादळाच्या आलेखात होते. फिनलंडमधील औलू केंद्र 1964 पासून मोजणी करत आहे; ते निवडून 9 ते 14 मे या तारखा दिल्या की 10 मेच्या सायंकाळनंतरची घसरण स्पष्ट दिसते. हिला फोर्बुश घट म्हणतात. दक्षिण ध्रुवावरील केंद्र सोबत घेतले, तर त्याच खड्ड्यात 11 तारखेला एक छोटा उंचवटाही दिसतो. तो सूर्यावरून थेट आलेल्या वेगवान कणांचा. थायलंडमधील दोई इंथानोन केंद्रावर मात्र तो शोधून सापडत नाही, कारण विषुववृत्ताजवळ पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे 17 गिगाव्होल्टपेक्षा (कणाची चुंबकीय क्षेत्र भेदण्याची क्षमता मोजण्याचे एकक) कमी क्षमतेचे कण आतच येऊ देत नाही, तर औलूला हीच मर्यादा सुमारे 0.8 आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा याहून चांगला धडा मला पाठ्यपुस्तकात मिळालेला नाही.

नवख्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, आकडे दाब-सुधारित असलेलेच घ्यावेत. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की मोजणी साधारण 0.7 टक्क्याने वाढते; मी सुरुवातीला कच्चे आकडे घेऊन परदेशातल्या ढगाळ हवेचे श्रेय सूर्याला देऊन बसलो होतो. दुसरी, वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तेव्हा साडेपाच तास मिळवावे लागतात. त्या 11 मेची मोठी सौरज्वाला, म्हणजे सूर्यावरचा स्फोट, जागतिक प्रमाणवेळेनुसार 1:23 ला शिखरावर होती, म्हणजे आपल्याकडे सकाळचे 6:53, उन्हाळ्यात अंगणात सडा पडून गेलेला असतो ती वेळ.

ही सेवा संशोधकांसाठी बनवलेली आहे, हे उघड आहे. पर्याय भरपूर, भाषा इंग्रजी, केंद्रांची नावे चार-पाच अक्षरी सांकेतिक. मोबाइलपेक्षा संगणकावर काम सोपे जाते. मात्र एक मिनिटापासून वर्षानुवर्षांपर्यंतचे आकडे साध्या मजकुरात उतरवून घेता येतात, ही सोय मोठी आहे. मी आलेख रात्री घरीच काढून, छापून वर्गात नेतो, कारण तासाच्या वेळी वीज असेलच असे नाही.