१९७१ चं मिग-२१ बनवायचंय: संग्रहालय, जुना फोटो की ओझरची माणसं?

नाशिकच्या माणसाला मिग-२१ चं स्केल मॉडेल करावंसं वाटणं साहजिक आहे. ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना १९६४ साली उभा राहिला तोच मुळी मिग-२१एफएल परवान्याखाली बनवण्यासाठी. पुढे तिथे मिग-२१एम, बिस, मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय तयार झाली. आपल्या ओळखीत, नात्यात कुणी ना कुणी 'एचएएल'मधला असतोच. पण किट घरी आलं, खोका उघडला, की अडायला होतं. नाक नेमकं कसं होतं? रंग कोणता? पोटाखाली काय लावलं होतं? सूचनापत्रक एक सांगतं, नेटवरचे फोटो दुसरंच.

मग तीन वाटा दिसतात. दिल्लीला जाऊन पालमच्या वायुसेना संग्रहालयात प्रत्यक्ष विमान बघायचं. किंवा तेवढ्याच पैशांत त्या काळातल्या फोटोंची पुस्तकं आणि ड्रॉइंग्ज मिळवायची. किंवा ज्यांच्या हातून ही विमानं गेली त्या निवृत्त मंडळींना गाठायचं. तिन्ही करता आल्या तर उत्तमच, पण नोकरी-संसार सांभाळून हा छंद करणाऱ्याला बहुतेक वेळा एकीपासून सुरुवात करावी लागते.

माझं मत आधीच सांगतो: युद्धकाळातलं एक विशिष्ट विमान करायचं असेल तर पहिला खर्च जुन्या फोटोंवर करा. विमानाचा ढोबळ आकार किट बनवणाऱ्या कंपनीनं आधीच मोजून दिलेला असतो. तो फार चुकला असेल तर ते घरी बसून दुरुस्त होणारही नाही. आपल्या हातात जे उरतं ते वेगळंच असतं: हे विमान अमुक स्क्वॉड्रनचं, अमुक महिन्यातलं, असं दिसत होतं. आणि ते फक्त त्या दिवशीचा फोटोच सांगू शकतो.

आधी विमान ठरवा

'मिग-२१' एवढ्यानं भागत नाही. १९७१ च्या युद्धात आपल्याकडे मुख्यतः एफएल लढलं. एम आणि बिस दिसायला त्याचे भाऊ, पण मॉडेल करणाऱ्यासाठी वेगळी विमानं.

एफएलची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं काचेचं झाकण, पुढच्या कडेला बिजागरीवर असते, म्हणून ती पुढे उचलली जाते. एम आणि बिसची उजव्या बाजूला उघडते. एफएलची पिटो नळी (वेग मोजायला पुढे आलेली बारीक नळी) हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या वर, बरोबर मध्यावर असते. नंतरच्या प्रकारांत ती उजवीकडे सरकली. एफएलच्या प्रत्येक पंखाखाली एकच पायलॉन (शस्त्र लटकवायचा आधार), एमला दोन-दोन. कॉकपिटमागून शेपटाकडे जाणारा पाठीचा उंचवटा एफएलला सडपातळ, बिसला चांगलाच भरदार.

इडुआर्ड कंपनीचं १/४८ प्रमाणातलं मिग-२१पीएफ हे एफएलच्या जवळचं किट आहे, कारण एफएल निघालं ते पीएफवरूनच. मात्र सुरुवातीच्या पीएफचं उभं शेपूट अरुंद होतं आणि एफएलचं रुंद. तेव्हा खोक्यात कोणतं शेपूट आहे ते पैसे देण्याआधी बघा.

उभं विमान

प्रत्यक्ष विमानासमोर उभं राहिल्यावर जे कळतं ते कुठल्याही पानावर कळत नाही. चाकांच्या खोबणीत नळ्या आणि तारा कशा धावतात, गिअरचं, म्हणजे चाकांच्या पायांचं, दार किती जाड आहे, नाकातला शंकू तोंडाबाहेर किती डोकावतो, पोटाचा गोलवा कुठे सपाट होतो, हे सगळं तिथे उघड दिसतं. १/४८ मध्ये खोबणी उघडी ठेवून काम करणार असाल तर ही वाट टाळू नका.

पण रंगासाठी त्या विमानावर विसंबू नका. चौकात किंवा संग्रहालयात ठेवलेलं विमान दर काही वर्षांनी रंगवलं जातं आणि रंगवणाऱ्याचा हेतू ते नीटनेटकं दिसावं एवढाच असतो. पटलांच्या फटी रंगानं भरतात, चकाकी चढते, क्रमांक नव्या वळणात लिहिला जातो. खांबावर चढवलेल्या विमानाची चाकं आत बंद असतात. जमिनीवरच्या विमानाच्या आतून इंजिन आणि इतर जड सामान काढलेलं असलं तर ते पायांवर उंच उभं राहतं, त्यामुळे गिअरच्या नळकांड्याची लांबी त्यावरून घेऊ नका. पायलॉनवर लटकवलेलं क्षेपणास्त्र त्याच विमानाचं असेल याचीही खात्री नसते. मूळ रंग शोधायचाच तर खोबणीच्या आत आणि दारांच्या मागच्या बाजूला शोधा. तिथे ब्रश सहसा पोचत नाही.

फोटो काढताना लांब उभं राहून झूम करा, कॅमेरा विमानाच्या मध्यरेषेच्या उंचीवर धरा. जवळून रुंद लेन्सनं काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि शेपूट बारीक होतं, आणि मग किटच चुकलंय असं वाटायला लागतं. पालमला जायचं तर नाशिकरोडहून गाडी पकडण्याआधी संग्रहालय उघडं आहे का, आत कॅमेरा चालतो का, याची चौकशी करून घ्या.

एक गोष्ट मनापासून सांगतो. ओझर विमानतळाची धावपट्टी एचएएलची आहे आणि शेजारीच वायुसेनेचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. प्रवासाला गेलात तरी कुंपणापलीकडे कॅमेरा रोखू नका. संरक्षण क्षेत्रातल्या छायाचित्रणाला कायद्यानं बंदी आहे आणि आपल्या मॉडेलसाठी लागणारं काहीही तिथून मिळणार नाही.

जुना फोटो

एफएल विमानं आली ती उघड्या धातूच्या रंगात. १९७१ चं युद्ध जवळ आलं तसे काही स्क्वॉड्रननी आपापल्या तळावर त्यांच्यावर हिरव्या-तपकिरी रंगांचे फराटे मारले. हे काम कारखान्यातल्या ठरलेल्या आराखड्यानुसार झालेलं नव्हतं, त्यामुळे एकाच स्क्वॉड्रनमधली दोन विमानंसुद्धा सारखी दिसतील असं धरून चालू नका. संग्रहालयात हा रंग तुम्हाला दिसणार नाही आणि बाजारातल्या डिकल शीटसोबतच्या (डिकल म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा) सूचनापत्रकात तो एकाच नमुन्यात दाखवलेला असतो. खरा पुरावा फोटोतच.

फोटो आणखी एक गोष्ट सांगतो: पोटाखाली काय होतं. एफएलला आत बसवलेली तोफ नव्हती. जीएसएच-२३ तोफेचं जीपी-९ हे पॉड (बाहेरून लावायची पेटी) पोटाखाली मधल्या जागी लावायचे आणि जादा इंधनाची टाकीही त्याच जागी. म्हणजे दोन्हींपैकी एकच. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर ४७ स्क्वॉड्रनच्या मिगनं तोफेनं पाकिस्तानचं स्टारफायटर लढाऊ विमान पाडलं. ते विमान करायचं तर पॉड हवंच. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर २८ स्क्वॉड्रनच्या मिगनी ५७ मिलिमीटरची रॉकेट्स सोडली. त्या विमानाच्या पंखाखाली रॉकेट पॉड येतील. पेटीतलं सगळं सामान एकाच विमानाला लटकवलं तर ते कुठल्याच दिवसाचं राहत नाही.

आता फोटोची दुबळी बाजू. कृष्णधवल फोटोत केशरी आणि हिरवा जवळजवळ एकाच करड्या छटेत येऊ शकतात, त्यामुळे शेपटावरच्या तिरंगी खुणेवरून रंगांच्या छटा ठरवू नका. हिरवा आणि तपकिरी यांत कुठला कोणता, हेही छटेवरून खात्रीनं सांगता येत नाही. वर्तमानपत्रात छापलेला फोटो ठिपक्यांचा असतो. वाचनालयात जुन्या फायली चाळायला मिळाल्या तर तारीख आणि प्रसंग पक्का करायला त्यांचा उपयोग होतो, तपशिलाला नाही. आणि फोटोखालच्या ओळीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १९७१ चा म्हणून दिलेल्या फोटोत कॅनॉपी बाजूला उघडलेली दिसली तर ते एफएल नाही, एवढं तुम्हाला आता लगेच कळेल.

माप घ्यायचं झालं तर चाक कामाला येतं. एफएलच्या मुख्य चाकाचा व्यास ८०० मिलिमीटर. विमान बरोबर बाजूनं आणि लांबून टिपलेलं असेल तर फोटोतलं चाक मोजा आणि त्यावरून क्रमांकाची किंवा रंगाच्या पट्ट्याची उंची काढा. तेच चाक १/७२ मध्ये सुमारे ११.१ मिलिमीटर भरतं आणि १/४८ मध्ये १६.७.

ड्रॉइंग्ज आणि मॅन्युअल

यावर फार लिहिण्यासारखं नाही. ड्रॉइंग हाताशी असावं, पण त्यावर शेवटचा निकाल लावू नये. एकानं काढलेली रेघ दुसरा उचलतो, त्याच्यावरून तिसरा. तपासायची सोपी रीत: मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५४ मीटर आहे. १/७२ च्या ड्रॉइंगवर तो ९९.४ मिलिमीटर आणि १/४८ वर १४९ मिलिमीटर भरायला हवा. मग तेवढ्यावर न थांबता लांबीही बघा, कारण झेरॉक्समध्ये कागद एकाच दिशेनं ताणला जातो. लांबीच्या आकड्यात मात्र सावध राहा. कुणी पिटो नळीसकट मोजतं, कुणी सोडून.

पूर्व युरोपातल्या देशांनी वापरलेल्या मिग-२१ ची मॅन्युअल्स आता उघडपणे मिळतात. कुठलं झाकण कशासाठी आहे हे त्यांतून उत्तम कळतं, रंगाबद्दल जवळपास काहीच नाही.

ओझरची माणसं

दिल्ली-बेंगळुरूच्या मॉडेलकाराला जे सहज मिळत नाही ते नाशिकला आहे. एचएएल टाउनशिप, ओझर, पंचवटी, सिडको, जिथे जाल तिथे या विमानांवर आयुष्य घालवलेले काका भेटतात. पण त्यांना काय विचारायचं हे कळायला हवं.

मिगच्या कामाची वाटणी झालेली होती. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. म्हणून ओझरच्या फिटरला सांगाड्याबद्दल विचारा, तो थकेपर्यंत सांगेल. रडारबद्दल विचारलंत तर ऐकीव उत्तर मिळेल. युद्धातल्या रंगाबद्दल तर विचारूच नका, कारण तो रंग तळावर लागला, कारखान्यात नाही. त्यासाठी स्क्वॉड्रनवर राहिलेला वायुसैनिक शोधावा लागेल.

रिकाम्या हातानं जाऊ नका. किटचे सुटे भाग आणि मोठे छापलेले फोटो घेऊन जा. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त काकांपुढे मी जोडलेला सांगाडा ठेवला, तर त्यांनी चष्मा वर केला आणि पंखाच्या मागच्या बाजूला सांगाड्याभोवती फिरणाऱ्या रेघेवर नख ठेवलं. "ही बुजवू नका हं. इंजिन काढायचं म्हटलं की इथून अख्खं शेपूट वेगळं करायचो आम्ही." अनेक मॉडेलकार ही रेघ जोडाची फट समजून पुट्टीनं भरून टाकतात. खऱ्या विमानावर ती ठळक आहे, आणि तिच्या मागच्या पत्र्याचा रंग इंजिनच्या उष्णतेनं पुढच्या भागापेक्षा वेगळा पडतो. उघड्या धातूतलं एफएल करत असाल तर हा एकच फरक नीट साधला तरी मॉडेलमध्ये जीव येतो.

माणसांच्या आठवणीत हातांचं काम पक्कं असतं: कुठला स्क्रू रोज उघडायचा, शिडी कुठे टेकायची, पाय कुठे ठेवायचा नाही. झीज आणि मळ कुठे दाखवायचा ते यावरूनच ठरवा. साल, क्रमांक आणि रंगाची नेमकी छटा मात्र तीस-चाळीस वर्षांत सरकते. ती फोटोशी ताडून घ्या. आणि कागदपत्रं, नकाशे मागू नका. त्या माणसानं नोकरीभर पाळलेल्या शिस्तीचा आपण मान ठेवायचा.

मग कुणी कुठून सुरुवात करावी?

१/७२ मध्ये, सगळी दारं बंद ठेवून, एक विमान कपाटात मांडायचं असेल तर फोटो आणि एक तपासलेलं ड्रॉइंग पुरे. या स्केलला ०.२ मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरहून रुंद होते, त्यामुळे प्रत्येक रिव्हेट शोधत दिल्ली गाठण्यात अर्थ नाही. १/४८ मध्ये खोबणी आणि कॉकपिट उघडं ठेवणार असाल तर फोटोंनंतर ओझर, आणि जमलं तर पालम.

एफएल सोडून दुसरं विमान मनात असेल तर हिशेब बदलतो. एचएएलचं लढाऊ विमान मारुत करायचं असेल तर वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला एक उभं आहे; नाशिकहून एका दिवसात जाऊन येता येतं आणि मारुतच्या बाबतीत मी तिथूनच सुरुवात करायला सांगेन, कारण मोठ्या कंपनीच्या तयार किटचा आधार इथे मिळत नाही. श्रीनगरच्या आकाशात १४ डिसेंबर १९७१ ला लढलेल्या निर्मलजित सिंग सेखोंचं नॅट हे छोटं लढाऊ विमान करायचं तर एअरफिक्सचं नॅट टी.१ घेऊ नका. ते दोन आसनी प्रशिक्षण विमान आहे, त्याचे पंख आणि शेपूट वेगळे, आणि आपल्या वायुसेनेकडे एकआसनीच नॅट होती. स्पेशल हॉबीचं १/७२ मधलं नॅट एफ.१ त्यासाठी योग्य आहे.

आणि डिकल सगळ्यात शेवटी मागवा. आधी 'सी' अक्षरानं सुरू होणारा विमानाचा क्रमांक फोटोवरून ठरवा, मग शीटवरची अक्षरांची जाडी आणि वळण त्याच फोटोशी पडताळा. जुळत नसेल तर अंक स्टेन्सिल कापून रंगवा. एफएलवरचे आकडे साधे, ठळक आहेत, मास्किंग टेपवर सहज कापता येतात.