शिलाई मशीनचा दोरा: कोणता घ्यावा, कोणता टाळावा

घरच्या मशीनसाठी एकच दोरा घ्यायचा झाला, तर आमची पसंती लांब तंतूंच्या स्पन पॉलिएस्टरला, म्हणजे पॉलिएस्टरचे तंतू कातून केलेल्या दोऱ्याला. जाडी टेक्स २७ च्या आसपास, म्हणजे रिळावर साधारण १२० हा टिकिट नंबर. टेक्स म्हणजे १,००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा वाढला की दोरा जाड. टिकिटाचं नेमकं उलटं, आकडा वाढला की दोरा बारीक.

दोरा ओढून ताकद सगळेच बघतात. मशीनला मात्र त्याहून जास्त गरज असते ती एकसारखेपणाची. सुईने खाली नेलेला दोरा बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाला) वळसा घालतो आणि टेक-अप लिव्हर, म्हणजे मशीनवर खालीवर होणारा दांडा, त्यातला बराचसा पुन्हा वर खेचतो. म्हणजे शिवणीत बसण्याआधी दोऱ्याचा तोच भाग नेढ्यातून कितीतरी वेळा खालीवर घासला जातो. तिथे जाड गाठ आली किंवा पीळ सैल असला की तंतू सुटतात आणि दोरा तुटतो. म्हणून हातभर दोरा सोडा, मागे गडद कापड धरा आणि उजेडात नीट पाहा. सगळीकडे लव उभी दिसली तर तंतू आखूड आहेत. हीच लव बॉबिन केसमध्ये आणि कापड सरकवणाऱ्या दात्यांखाली साचते, दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत अडकते, मग टाके सैल पडतात आणि दोष मशीनला दिला जातो.

मर्सराइज्ड (कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून मजबूत केलेला) सुती दोरा गोधडीसाठी आणि सुती कापडासाठी उत्तम. कडक इस्त्री सोसतो, शिवण सपाट बसते. ताणणाऱ्या कापडावर मात्र तो तुटतो. हाताने टाके घालायचा चकचकीत, खळ दिलेला दोरा मशीनला अजिबात लावू नका, त्यावरचा लेप चकत्यांत घासून चिकटतो. जीन्स किंवा पिशव्यांसाठी कोअर-स्पन, म्हणजे मजबूत गाभ्याभोवती तंतू कातलेला दोरा चांगला. रेयॉन दिसतो सुंदर, पण तो फक्त भरतकामापुरता. कपड्याची शिवण त्याच्यावर सोपवू नये.

सुई दोऱ्याला साजेशी हवी. टेक्स २७ ला ८०/१२ नंबरची सुई, टेक्स ४० ला ९०/१४, टॉपस्टिचच्या (कापडावर वरून दिसणाऱ्या टाक्यांच्या) जाड दोऱ्याला १००/१६. शंका असेल तर सुट्या सुईत दोरा ओवा, दोरा तिरका ताणून धरा आणि सुई वरच्या टोकाला नेऊन सोडा. ती आपसूक घसरत खाली आली पाहिजे. अडखळली तर एक नंबर मोठी सुई लावा.

रीळही पाहा. दोरा एकमेकांवर फुलीसारखा गुंडाळलेला असेल, तर तो रिळाच्या टोकावरून सुटायला हवा. अशा रिळाला आडवी खुंटी बरी. सरळ थरांत गुंडाळलेलं रीळ उभ्या खुंटीवर लावा, म्हणजे ते स्वतः फिरतं. उलटसुलट झालं तर पीळ कमीजास्त होतो आणि सुईपाशी गुंता होतो. शंकूच्या आकाराचं मोठं रीळ (कोन) खुंटीवर न बसवता मशीनमागे स्टँडवर ठेवावं.

पॉलिएस्टरची बॉबिन मध्यम वेगाने भरा. भरधाव भरली तर दोरा ताणूनच गुंडाळला जातो, शिवल्यावर आखडतो आणि पातळ कापडावर चुण्या पडतात. टेन्शन कितीही फिरवलं तरी त्या जात नाहीत; ती बॉबिन रिकामी करून पुन्हा सावकाश भरावी लागते.