मॉस्कोचं कर्ज की वॉशिंग्टनचं? चीनपुढची १९३८ सालची निवड

सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनला गेले त्याच वर्षी, १९३८ मध्ये, जपानशी युद्धात अडकलेलं चीन सरकार शस्त्रांसाठी दारोदार उधारी मागत होतं. युद्धकाळातलं कर्ज कसं पारखावं, हे ठरवायचं असेल तर त्या वर्षीची दोन कर्जं शेजारी ठेवून बघावीत. व्याजदर नंतर बघा. आधी विचारा: या पैशातून काय घेता येईल आणि माल कोणत्या वाटेने येईल?

सोव्हिएत कर्ज मार्च आणि जुलै १९३८ मध्ये प्रत्येकी ५ कोटी डॉलरचं, जून १९३९ मध्ये आणखी १५ कोटींचं. व्याज ३ टक्के. त्यातून थेट शस्त्रं मिळत होती. शांघाय, नानकिंग पडलेलं, हवाई दलाची वाताहत झालेली. अशा वेळी आय-१६ लढाऊ विमानं आली, ती उडवायला रशियन वैमानिकही आले. किनाऱ्यावर जपानी नाकेबंदी असल्यामुळे बराच माल सोव्हिएत सीमेलगतच्या शिनजियांग प्रांतातून लानचौ शहरात यायचा. फेड टंगस्टन, अँटिमनी, कथील, चहा, लोकर अशा मालात. परकीय चलनाचा खडखडाट असलेल्या देशाला याहून सोयीचं काय असणार?

अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेचं कर्ज डिसेंबरमध्ये मंजूर झालं: फक्त अडीच कोटी, व्याज साडेचार टक्के आणि शस्त्रखरेदीला मनाई. घ्यायचे ते ट्रक आणि तत्सम माल. बदल्यात रंग-वार्निशला लागणारं तुंग तेल. जपान बिथरेल म्हणून परराष्ट्रमंत्री हल नाखूश होते. अर्थमंत्री मॉर्गेंथाऊ आणि चिनी बँकर के. पी. चेन यांनी ते व्यापारी व्यवहार म्हणून तडीस नेलं. वाट बर्मा रोडची, म्हणजे ब्रिटिशांच्या ताब्यातल्या ब्रह्मदेशातून चीनला जाणाऱ्या रस्त्याची, तीही बेभरवशाची: जपानच्या दबावाखाली ब्रिटनने १९४० मध्ये ती तीन महिने बंद ठेवली.

कागदावर मॉस्को सरस आहेच, आणि १९३८ च्या उन्हाळ्यात मीही तेच कर्ज घेतलं असतं. ट्रकने बॉम्बफेक थांबत नाही. पण तेवढ्यावर थांबणं घातक ठरलं असतं. एप्रिल १९४१ मध्ये मॉस्कोने जपानशी तटस्थतेचा करार केला आणि तिकडची रसद आटत गेली. उलट तुंग तेलाच्या त्या लहानशा व्यवहाराने दार उघडलं होतं: १९४० मध्ये कथिलावर २ कोटी, टंगस्टनवर अडीच कोटी, वर्षअखेरीस १० कोटींची घोषणा. मे १९४१ मध्ये चीन लेंड-लीजला, म्हणजे मित्रदेशांना युद्धसाहित्य पुरवण्याच्या अमेरिकी योजनेला, पात्र ठरला, आणि मग शस्त्रंही मिळू लागली.