गृहकर्जावरचं व्याज अनुदान: आम्हाला मिळालं, नणंदेचं हुकलं

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान मिळायचं. त्या सोयीवर हे लिहितेय, कारण तिच्यामुळे बदलापूरच्या पुढे वांगणीला आमचं स्वतःचं घर झालं आणि ती बंद झाल्यामुळे माझ्या धाकट्या नणंदेचं झालं नाही.

2019 मध्ये आम्ही ठाण्याजवळ दिवा इथे चाळीत साडेपाच हजार भाड्याने राहत होतो. हे कुर्ल्याला छापखान्यात, मी घरी ब्लाउज शिवते. दर अकरा महिन्यांनी करार, दलालाला एक महिन्याचं भाडं, डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापलेले. सात वर्षांत चार खोल्या बदलल्या. खोली बदलली की माझी गिऱ्हाइकं तुटायची. नव्या गल्लीत पहिला ब्लाउज शिवायला यायलाच दोन-तीन महिने जायचे. मुलगा तिसरीपर्यंत तीन शाळांत बसला.

वांगणीत चौदा लाखांचं वन आरके पाहिलं. पाच लाख भिशी, माझ्या पाटल्या आणि यांच्या पीएफमधून उभे केले. नऊ लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी. हप्ता 8,100. आमच्या घरात तो बसतच नव्हता. वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पहिल्या सहा लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याजाची सूट होती. वीस वर्षांची ती सूट आजच्या किमतीत मोजून जास्तीत जास्त 2 लाख 67 हजार एकदम कर्जखात्यात जमा व्हायचे. मुद्दलच उतरायचं. त्याच्या जोरावर आम्ही उडी मारली.

बँकेचं काम मात्र वाईट. नाव लिहीत नाही. पहिल्याच दिवशी टेबलावरच्या माणसाने सांगितलं, "गावी घर आहे ना, मग तुम्ही बसत नाही." गावचं घर सासऱ्यांच्या नावावर. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. हे त्याला छापील कागदावर दाखवावं लागलं. अनुदान ज्या सहा लाखांवर होतं, तेवढ्या कर्जावर प्रोसेसिंग फी घ्यायची नव्हती, तरी कापली. तीन फेऱ्या मारून परत मिळवली. अर्जाचा नंबर टाकून पोर्टलवर फाईल कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसायचं, त्याचा खूप आधार वाटला. आमची फाईल बँकेकडेच पाच महिने अडकली होती.

सातव्या महिन्यात पैसे आले, तर बँकेने न विचारता हप्ता तोच ठेवून मुदत दहा वर्षांच्या आसपास आणली. व्याज वाचतं हे खरं, पण आमची ओढाताण दर महिन्याची. लेखी अर्ज दिला, तेव्हा हप्ता 5,700 झाला. जवळपास दिव्याच्या भाड्याएवढाच.

घरात उणिवा आहेत. उन्हाळ्यात टँकर लागतो, यांचे जाऊन येऊन तीन तास लोकलमध्ये जातात. गरिबाने स्वस्त घरासाठी एवढं लांब जावं, यावर योजनेकडे उत्तर नव्हतं. पण या योजनेत नवीन घरावर बाईचं नाव सक्तीचं होतं, आणि आमच्या करारावर पहिलं नाव माझं आहे. रजिस्ट्रेशनच्या दिवशी मी ते तीनदा वाचलं. मशीन एकाच खिडकीपाशी आहे, सहा वर्षं. गिऱ्हाइकं बदलापूरहून येतात. मुलगा तिसरीपासून एकाच शाळेत आहे.

नणंदेने आमचं बघून 2022 च्या फेब्रुवारीत आमच्याच इमारतीत खोली बुक केली. अनुदान 31 मार्चला बंद होणार, हे बिल्डरच्या माणसाने सांगितलं नाही. तिचं कर्ज एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मंजूर झालं. तेवढ्या दिवसांनी महिन्याला 2,400 रुपयांचा फरक पडला. बुकिंग रद्द केलं, टोकनचे पंचवीस हजार बुडाले. ती मला फोनवर म्हणाली, "वहिनी, कागद तर मी सगळे दिले होते ना?" मला काही बोलता आलं नाही.

1 सप्टेंबर 2024 पासून योजना नव्या रूपात आली आहे. सूट चार टक्के, पहिल्या आठ लाखांवर, जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार आणि तेही पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने. नव्हतं त्यापेक्षा बरं, पण रक्कम घटली हा त्यातला लहान दोष. आमच्यासारख्यांचं घर पहिल्या वर्षात टिकतं किंवा जातं, आणि मुद्दल एकदम उतरल्याशिवाय पहिल्या वर्षाचा हप्ता हलका होत नाही.

अर्ज करणार असाल तर मंजुरीची तारीख आणि अनुदानाची अट बँकेकडून लेखी घ्या. पैसे जमा झाले की हप्ता कमी हवा की मुदत, तेही लेखीच कळवा.

जुन्या योजनेला पाचपैकी चार, बँकेला एक. नव्या योजनेचे गुण नणंद देईल. तिचा अर्ज भरायला मी रविवारी दिव्याला जाणार आहे. जूनमध्ये तिचा अकरा महिन्यांचा करार संपतोय.