टाइपस्ट: कंपनीच्या अहवालांचा साचा बांधायला कसं आहे?

कंपनीच्या अहवालाचा साचा तपासायची माझी एकच कसोटी आहे. अहवाल उद्या सकाळी जायचा आहे, हिशेब विभागातला माणूस रात्री घाईघाईनं मजकूर भरतोय, अशा वेळी साचा टिकतो का? वर्डमधले साचे बहुतेक वेळा इथंच ढासळतात. दुसऱ्या फाइलमधला परिच्छेद चिकटवला की त्याच्याबरोबर तिथला फाँटही येतो. कुणी लोगो जरासा ओढतं, कुणी निळा रंग अंदाजानं निवडतं, आणि तिसऱ्या-चौथ्या अहवालापर्यंत ब्रँडच्या नियमपुस्तिकेतलं फार थोडं शिल्लक राहतं. टाइपस्टमध्ये लिहिणाऱ्यासमोर रूप बिघडवणारी बटणंच नसतात. माझे सगळे अहवाल आता त्यातूनच निघतात ते यासाठी.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: साध्या मजकुराच्या फाइलीतून थेट पीडीएफ काढणारी ही अक्षरजुळणीची प्रणाली आहे. ती मार्च २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. पीडीएफ बनवणारा कंपायलर मुक्तस्रोत आहे आणि आपल्याच संगणकावर चालतो. ब्राउझरमधला संपादक हवा असेल तर तोही आहे. लॅटेक ही अशीच जुनी प्रणाली वापरलेल्यांना कल्पना ओळखीची वाटेल. फरक वेगाचा आणि चुकांच्या संदेशांचा. एक शब्द बदलला की पान लगेच बदललेलं दिसतं आणि चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे ते स्पष्ट कळतं. अक्षरजुळणी ज्याचा व्यवसाय नाही अशा माणसाच्या हाती साचा द्यायचा असेल तर हे मला फार मोलाचं वाटतं.

साचा म्हणजे एक फंक्शन. त्याला शीर्षक, तारीख, विभागाचं नाव आणि गोपनीयतेचा शेरा द्यायचा, बाकी सगळा मजकूर त्याच्या पोटात जातो. लिहिणाऱ्याच्या फाइलीत वर ही माहिती भरायच्या चार-पाच ओळी आणि खाली नुसता मजकूर. रंग, फाँट आणि समास मी वेगळ्या फाइलीत ठेवते आणि रंगांना त्यांच्या कामावरून नावं देते: 'मुख्य', 'इशारा', 'कोष्टक-पट्टी'. 'गडद निळा' असं नाव दिलं की ब्रँडचा रंग बदलल्यावर ते नाव खोटं ठरतं. छपाईला जाणाऱ्या प्रतीसाठी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंची, मूल्यंही थेट लिहिता येतात. लोगो एसव्हीजी या रेषांवर आधारित चित्रस्वरूपात घ्या, कितीही मोठा केला तरी फाटत नाही.

सर्वात जास्त विचार मागतो तो पानाचा माथा. तिथं चालू प्रकरणाचं नाव यावं अशी साधी अपेक्षा असते. 'इथवर आलेलं शेवटचं शीर्षक शोध' असं सांगितलं की काम झालं असं वाटतं, पण माथा पानाच्या अगदी वर असतो आणि नव्या प्रकरणाचं शीर्षक त्याच्या खाली येतं. त्यामुळे प्रकरण जिथं सुरू होतं नेमक्या त्याच पानावर मागच्या प्रकरणाचं नाव छापलं जातं. उपाय असा: या पानावर पहिल्या पातळीचं शीर्षक आहे का ते आधी तपासायचं. असेल तर माथा कोराच सोडायचा, नसेल तर मागचं शीर्षक घ्यायचं. प्रकरणाच्या पहिल्या पानावर माथा न छापण्याची पुस्तकांची जुनी रीत आहेच, तीही आपसूक पाळली जाते.

कोष्टकं सुरेख होतात. कोष्टक पुढच्या पानावर गेलं की त्याची शीर्ष-ओळ तिथं आपोआप पुन्हा येते. मात्र मथळा देण्यासाठी कोष्टक 'फिगर'मध्ये (मथळा जोडणाऱ्या चौकटीत) घातलं की ते मुळात तुटतच नाही, अख्खंच्या अख्खं पुढच्या पानावर जातं. 'फिगर'चा ब्लॉक तुटू शकतो असं साच्यात एका ओळीत सांगून ठेवायचं. आकडे सीएसव्ही किंवा जेसन अशा साध्या माहिती-फाइलीतून थेट वाचता येतात, त्यामुळे तिमाही अहवालात हातानं आकडे टाकायची वेळच येत नाही. माझ्या मते या एका सोयीसाठीसुद्धा टाइपस्ट शिकावं.

देवनागरीबद्दल मला धाकधूक होती, ती गेली. जोडाक्षरं नीट बसतात. फाँटची यादी दिली की रोमन अक्षरं पहिल्या फाँटमधून आणि देवनागरी दुसऱ्यातून घेतली जातात. पृष्ठांकाच्या नमुन्यात '१' लिहिलं की सगळे पृष्ठांक मराठी आकड्यांत येतात, हे पाहून मला मनापासून आनंद झाला. साचा बांधताना मात्र 'फॉलबॅक' बंद ठेवा. एरवी एखादं अक्षर तुमच्या फाँटमध्ये नसेल तर ते गुपचूप दुसऱ्याच फाँटमधून येतं आणि ब्रँडच्या पानात परकं अक्षर घुसतं. बंद असलं की तिथं चौकोन दिसतो आणि उणीव लगेच कळते. ब्रँडचा फाँट प्रत्येक वजनाच्या (अक्षराच्या जाडीच्या) वेगळ्या फाइलीत मागून घ्या, सगळी वजनं एकातच असलेल्या व्हेरिएबल फाइलीवर विसंबू नका.

मोठी अडचण एकच, आणि ती काही ठिकाणी निर्णायक ठरेल: यातून वर्डची फाइल निघत नाही. तुमचे वरिष्ठ किंवा ग्राहक मसुद्यात ट्रॅक चेंजेसनंच (वर्डमधल्या बदल नोंदवणाऱ्या सोयीनं) दुरुस्त्या करणार असतील, तर मसुदा वर्डमध्येच पक्का होऊ द्या आणि शेवटी पॅनडॉक या फाइलींचं स्वरूप बदलणाऱ्या साधनानं टाइपस्टमध्ये आणा. पॅनडॉक मजकूर, शीर्षकं आणि साधी कोष्टकं आणतो, रूप साचा देतो. जिथं अहवाल शेवटच्या क्षणापर्यंत चार हातांतून वर्डमध्येच फिरतो, तिथं मी टाइपस्ट सुचवणार नाही.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. मी ०.१४ वापरते. या आवृत्तीपासून पीडीएफमध्ये स्क्रीन रीडरला (मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) लागणारे टॅग, म्हणजे रचनेच्या खुणा, आपोआप जातात, चित्रांना पर्यायी मजकूर मात्र आपण द्यायचा. पण टाइपस्ट अजून १.० ला पोचलेलं नाही, आणि नव्या आवृत्तीत जुन्या आज्ञा बदलू शकतात. म्हणून साचा स्थानिक पॅकेज म्हणून आवृत्ती क्रमांकासह ठेवा. ब्रँड बदलला की नवा क्रमांक काढायचा, जुने अहवाल जुन्याच क्रमांकावर राहतात. कंपायलर ही एकच फाइल असल्यानं ज्या आवृत्तीवर साचा तपासला तीही शेजारी ठेवता येते. मी ती साच्याच्याच फोल्डरमध्ये ठेवते आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर साच्याचा क्रमांक बारीक अक्षरांत छापते.